संशोधनाचे बाळकडू

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यात गोरेगाव हे गाव आहे. भोवतीची जमीन काळी व चिवट. पावसाळ्यात पायाला चिकटणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. हळद, सोयाबीन, तूर, कापूस ही या भागाची पिके. याच जिल्ह्यात औंढा नागनाथ हे क्षेत्र असून तेथील प्राचीन शिल्पमंडित मंदिर सर्वांना ठाऊक आहे. आता त्या नावाला एक नवे महत्त्व प्राप्त होत आहे. गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी 'लायगो इंडिया' ही वेधशाळा औंढ्याजवळ उभारावयाची असून, २०२३ साली केंद्र सरकारने तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता दिली. परस्परांशी काटकोन करणाऱ्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, त्यांतून जाणारे लेसर किरण आणि टोकाशी टांगलेले आरसे अशी तिची रचना आहे. दूरच्या अवकाशात दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली, की त्यांचा तरंग पृथ्वीपर्यंत येतो आणि या नळ्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही लहान असा फरक पडतो. तेवढा सूक्ष्म फरक मोजण्याचे काम हे यंत्र करील.

ज्या जिल्ह्यात असे कार्य होणार, त्या जिल्ह्यातील शाळकरी मुलामुलींचे त्यात स्थान कोणते, हा प्रश्न सहज मनात येतो. पुष्कळांचे उत्तर ठरलेले असते. संशोधन हा पांढऱ्या केसांच्या विद्वानांचा प्रांत आहे. विद्यार्थ्याने आधी पाठ्यपुस्तक पाठ करावे, परीक्षा उत्तीर्ण व्हावी, आणि पुढे कधी सवड व भाग्य लाभले तर संशोधनाचा विचार करावा, असे ते म्हणतात. हे मत वरवर शहाणपणाचे वाटते. परंतु ते तपासून घेण्याजोगे आहे. ज्याने वयाच्या बाराव्या वर्षी एकही प्रश्न स्वतः विचारला नाही, त्याला तिसाव्या वर्षी प्रश्न सुचेल, अशी आशा कोणत्या आधारावर धरावयाची?

'संशोधन' या शब्दातच त्याचा अर्थ साठवलेला आहे. शोधन म्हणजे शुद्ध करणे, गाळून स्वच्छ करणे. धान्य पाखडताना गृहिणी जसे फोलपट बाजूला सारते, तसे आपल्या समजुतींतील खोटे बाजूला सारून खरे तेवढे ठेवणे, हे संशोधन होय. या दृष्टीने पाहिले, तर संशोधनासाठी मोठी प्रयोगशाळा ही पहिली गरज ठरत नाही. आपली समजूत चुकीची असू शकेल हे मान्य करण्याची तयारी आणि ती तपासून पाहण्याची चिकाटी, या दोन गोष्टी प्रथम लागतात; आणि त्या लहान वयातच अंगी बाणतात.

गुरुत्वीय लहरींच्या इतिहासातच याचे एक उत्तम उदाहरण आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी या लहरी प्रथम प्रत्यक्ष टिपल्या. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर झालेल्या कृष्णविवरांच्या मीलनातून त्या निघाल्या होत्या. तथापि अशा लहरी असतात याचा पहिला भक्कम पुरावा त्याआधी चार दशकांपूर्वी एका विद्यार्थ्याच्या हाती लागला होता. १९७४ साली रसेल हल्स हा अमेरिकन विद्यार्थी आपले गुरू जोसेफ टेलर यांच्या मार्गदर्शनाखाली प्वेर्तो रिको बेटावरील अरेसिबो येथील रेडिओ दुर्बिणीने स्पंदक तारे शोधत होता. स्पंदक तारा घड्याळासारखा नियमित असतो. परंतु एका ताऱ्याच्या स्पंदनांतील अंतर दर वेळी थोडे निराळे येऊ लागले. आपल्या मोजणीतच दोष असावा, असे हल्सला प्रथम वाटले. त्याने आकडे दडपले नाहीत, की सोयीचा तेवढा आकडा उचलून बाकीचे टाकून दिले नाहीत. त्याने पुनःपुन्हा मोजले. आणि हा तारा दुसऱ्या एका ताऱ्याभोवती पावणेआठ तासांत फेरी घेतो, हे उघड झाले. पुढे या जोडीची कक्षा हळूहळू आकसत असल्याचे दिसून आले. गुरुत्वीय लहरींच्या रूपाने ऊर्जा बाहेर जात असेल, तर कक्षा जेवढी आकसावी तेवढीच ती आकसत होती. १९९३ साली गुरू आणि शिष्य या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. न जुळणारा एक आकडा एका विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे जपून ठेवला, त्याचे हे फळ होय.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनीही अलीकडच्या काळात अशी कामे केली आहेत. १८५४ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' नावाचा छोटा उपग्रह तयार केला. त्याचे वजन सुमारे एक किलो. आकार हातात मावेल एवढा. आकाशात त्याची दिशा कायम राखण्यासाठी विद्यार्थ्यांनी इंधन खर्च करणारी यंत्रणा वापरली नाही. होकायंत्राची सुई ज्या नियमाने वळते, त्याच नियमाने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने उपग्रह आपोआप दिशा धरील, अशी योजना त्यांनी केली. २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोटा येथून निघालेल्या पीएसएलव्ही अग्निबाणाने एकूण २० उपग्रह अवकाशात नेले. त्यांत हा एक होता. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील विद्यार्थ्यांचा 'प्रथम' हा उपग्रह अवकाशात गेला. वातावरणाच्या वरच्या थरातील इलेक्ट्रॉनांची गणना करणे, हा त्याचा हेतू होता.

या दोन्ही उपक्रमांतील सर्वांत मननीय गोष्ट उड्डाणाच्या बातमीत फारशी आली नाही. 'प्रथम'चे काम २००७ साली आणि 'स्वयम्'चे २००८ साली सुरू झाले. दोन्ही उपग्रह उडाले ते २०१६ साली. अभियांत्रिकीचे शिक्षण चार वर्षांचे. म्हणजे ज्यांनी पहिला आराखडा आखला, ते विद्यार्थी उड्डाणापूर्वी कित्येक वर्षे आधीच पदवी घेऊन बाहेर पडले होते. त्यांनी केलेले काम, त्यातील चुका, फसलेल्या चाचण्या आणि जुळलेली गणिते हे सारे नीट लिहून ठेवून पुढच्या तुकडीच्या हाती सोपवावे लागले. आंब्याची कोय आजोबाने रुजवावी आणि फळ नातवाने चाखावे, तशी ही परंपरा. आपले नाव झळको वा न झळको, काम पुढे गेले पाहिजे, ही वृत्ती अंगी आल्यावाचून असे कार्य तडीस जात नाही.

यंत्राचा शोध घ्यावा तसा मनाचाही शोध घेता येतो. अमेरिकेच्या टेनेसी प्रांतातील एका शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या जॉन रिडली स्ट्रूप याने विद्यार्थी असताना आपल्या प्रबंधासाठी एक साधा प्रयोग केला आणि १९३५ साली तो प्रसिद्ध केला. त्याने रंगांची नावे भलत्याच रंगांच्या शाईत छापली. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत, 'निळा' हा शब्द तांबड्या शाईत, अशी ती योजना होती. वाचणाऱ्याने शब्द न वाचता फक्त शाईचा रंग सांगावयाचा. १०० रंगीत चौकोनांचे रंग सांगावयास सरासरी ६३ सेकंद लागत; परंतु अशा फसव्या १०० शब्दांच्या शाईचे रंग सांगावयास ११० सेकंद लागले. वाचनाची सवय इतकी पक्की झालेली असते, की ती आपल्या इच्छेविरुद्धही आड येते, हे या प्रयोगाने दाखवले. आज जवळजवळ नव्वद वर्षे मानसशास्त्राचे अभ्यासक या प्रयोगाचा उपयोग करीत आहेत. त्याला लागणारे साहित्य कोणते? कागद, चार रंगांच्या कांड्या आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ. गोरेगावच्या कोणत्याही वर्गात हा प्रयोग उद्या करता येईल. पहिलीतील मुलाला, ज्याला अजून भराभर वाचता येत नाही, तितकाच अडथळा होतो का, हा पुढचा प्रश्न तर विद्यार्थ्यांना आपोआप सुचेल. मात्र मनाच्या प्रयोगात एक पथ्य पाळावेच लागते. ज्याच्यावर प्रयोग करावयाचा त्याची संमती घ्यावी आणि त्याला किती वेळ लागला यावरून त्याची थट्टा करू नये. माणूस हा दगडाचा नमुना नव्हे, याचे भान संशोधकाला हवे.

चित्रकलेत संशोधन कसले, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर मराठवाड्यातच आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रे काळाच्या ओघात झिजत चालली होती. मद्रासच्या सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल यांनी अनेक वर्षे राबून त्यांच्या प्रतिकृती केल्या. परंतु त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनमधील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळून गेल्या. त्यानंतर १८७२ पासून १८८५ पर्यंत मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्यास येऊन पुन्हा प्रतिकृती करीत राहिले. पुढे नामवंत चित्रकार झालेले पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी एक होते. लेण्यांत अंधार, भिंतींवर काजळी, हाताशी अपुरा उजेड. अशा स्थितीत एकेक रेषा निरखून कागदावर वा कापडावर उतरावयाची. दैव असे, की १८८५ साली लंडनमध्ये लागलेल्या आगीत या प्रतिकृतींपैकीही अनेक नष्ट झाल्या. तरीही ज्या वाचल्या त्या आजवर जपल्या गेल्या आहेत आणि १८९६-९७ साली ग्रिफिथ्स यांनी प्रसिद्ध केलेला ग्रंथही उपलब्ध आहे. मूळ भिंतीवरून जे नंतर निखळून गेले, ते पूर्वी कसे होते हे जाणण्यास या प्रतिकृतींचा आधार मिळतो.

प्रतिकृती करणाऱ्या विद्यार्थ्यासमोर एक मोह सतत उभा असतो. भिंतीवरचा रंग जेथे गळून पडला आहे, तेथे आपल्या कल्पनेने सुंदर चेहरा भरून टाकावा, असे त्याच्या कुंचल्याला वाटते. चित्र त्यामुळे देखणे होईल. परंतु पुरावा म्हणून त्याचे मोल नाहीसे होईल. जेथे काही दिसत नाही तेथे रिकामी जागा सोडणे, हाही कलावंताचा प्रामाणिकपणाच आहे. हल्सचा न जुळणारा आकडा आणि चित्रकाराची ही रिकामी जागा, या दोहोंत तत्त्वतः भेद नाही. अभियांत्रिकी, मानसशास्त्र आणि चित्रकला यांची साधने निराळी असतील, परंतु शील एकच आहे. जे दिसले ते सांगावे; जे दिसले नाही ते दिसले असे म्हणू नये.

विद्यार्थ्यांना संशोधनाची संधी मिळावी म्हणून आज काही चांगल्या योजना चालू आहेत. १९९३ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत १० ते १७ वर्षे वयाची मुले आपल्या परिसरातील प्रश्नांवर प्रकल्प करतात. महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठी २००६ पासून 'आविष्कार' हे संशोधन संमेलन भरू लागले. त्यात अभियांत्रिकी व तंत्रज्ञानाच्या बरोबरीने मानव्यविद्या, भाषा व ललित कला यांनाही स्थान दिलेले आहे, ही विशेष समाधानाची गोष्ट होय. हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेली असल्यामुळे तेथील विद्यार्थ्यांनाही हे दार खुले आहे.

दार उघडे असले, तरी आत काय घेऊन जावे हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. आणि येथेच काळजी करण्याजोगी गोष्ट आहे. प्रदर्शनाची तारीख जवळ आली, की कित्येक ठिकाणी तयार प्रतिकृती बाजारातून विकत आणली जाते. कोठे वडील रात्र जागून थर्माकोल कापतात आणि मुलगा सकाळी शेजारी उभा राहून पाठ केलेले चार वाक्यांचे भाषण म्हणून दाखवतो. कोठे उत्तर आधी ठरते आणि आकडे मागाहून लिहिले जातात. अशा प्रकल्पाला बक्षीस मिळाले, तर ते न मिळाल्यापेक्षा अधिक हानिकारक होय. कारण खोटे नीटनेटके मांडले की ते खरे ठरते, ही शिकवण त्या मुलाच्या मनावर कायमची ठसते. मोठेपणी तो पुलाचे गणित करील, औषधाची चाचणी घेईल किंवा न्यायालयात साक्ष देईल. त्या वेळी ही शिकवण किती जणांना महागात पडेल, याचा विचार पालकांनी व शिक्षकांनी करावयास हवा.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. खेड्यातील शाळेत प्रयोगशाळा अपुरी असते, एका शिक्षकाकडे अनेक वर्ग असतात, मुलांना शाळा सुटल्यावर शेतात जावे लागते. अशा स्थितीत संशोधनाचा आग्रह म्हणजे गरिबाघरी हत्ती बांधण्यासारखे नव्हे काय? ज्या संशोधनाला महागडी उपकरणे लागतात, त्याच्या बाबतीत हा आक्षेप खराच आहे. परंतु शेतात जाणाऱ्या मुलाला जे पाहावयास मिळते, ते शहरातील प्रयोगशाळेत बसलेल्या मुलाला मिळत नाही. वर्षाकाठी प्रत्येक विद्यार्थ्याने एकच प्रश्न घ्यावा, परंतु तो स्वतःचा असावा, एवढेच मागणे असेल, तर ते कोणत्याही शाळेला जड जाऊ नये.

हळदीचेच पाहावे. हिंगोली जिल्हा हळदीसाठी प्रसिद्ध आहे. काढणीनंतर ओली हळद शिजवतात, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवतात आणि मग तिला पॉलिश करतात. ओल्या हळदीच्या वजनाच्या साधारणपणे पाचवा हिस्सा वाळलेली हळद हाती येते. हा पाचवा हिस्सा प्रत्येक शेतात सारखाच असतो का? काहिलीत शिजवलेली आणि वाफेवर शिजवलेली हळद यांच्या वाळण्याच्या दिवसांत फरक पडतो का? ताडपत्रीवर आणि उघड्या जमिनीवर वाळवलेल्या हळकुंडांत रंगाचा भेद दिसतो का? एक किलो ओली हळद, एक तराजू आणि एक वही एवढ्या साहित्यावर सातवीच्या विद्यार्थ्याला रोज वजन लिहून ठेवता येईल. पंधरा दिवसांनी त्याच्या वहीत जो आलेख तयार होईल, तो त्याच्या घरच्यांनाही उपयोगी पडेल. चित्रकलेची आवड असलेल्या विद्यार्थ्याने औंढ्याच्या मंदिरावरील एखादे शिल्प निवडून त्याचे मोजमापासह रेखाटन करावे. ऊन-पावसाने कोणता भाग झिजला आहे, ते जसेच्या तसे दाखवावे. ज्याला मनाचे कुतूहल आहे, त्याने चालीवर म्हटलेली कविता आणि नुसती वाचलेली कविता यांपैकी कोणती आठवड्यानंतर अधिक आठवते, हे आपल्या सोबत्यांच्या संमतीने तपासावे. यांतील कोणतेही काम जग हलवून टाकणारे नाही. परंतु ते ज्याने केले, त्याच्या पदरी स्वतः मिळवलेले सत्य पडेल आणि त्याची चव पाठ केलेल्या सत्याहून निराळी असते.

संशोधनाची किंमत त्याच्या पानांवरून करू नये, हे सांगावयास मराठी भाषकांजवळ कमला सोहोनी यांचे उदाहरण आहे. १९३३ साली बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत केवळ मुलगी असल्यामुळे त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. त्यांनी माघार न घेता आग्रह धरला. तेव्हा वर्षभर काम पाहून ठरवू, या अटीवर त्यांना घेण्यात आले. आपल्या कामाने त्यांनी ती अट निरर्थक ठरवली. पुढे केंब्रिज विद्यापीठात त्यांनी बटाट्यासारख्या नेहमीच्या वनस्पतीवर काम करून वनस्पतींच्या श्वसनक्रियेतील एका महत्त्वाच्या द्रव्याचा शोध लावला आणि १९३९ साली डॉक्टरेट मिळवली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात. त्यांचा प्रबंध अवघ्या ४० पानांचा होता. सजवलेल्या जाड वहीपेक्षा खऱ्या निरीक्षणाची चार पाने श्रेष्ठ, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. आणि शाळेच्या प्रकल्पात यंत्राला हात मुलाने लावावयाचा व सुवाच्य अक्षरात लेखन मुलीने करावयाचे, अशी वाटणी जेथे नकळत होत असेल, तेथे शिक्षकांनी ती मोडून काढावी.

आणखी एक गोष्ट. ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांच्यापर्यंत निष्कर्ष पोहोचवणे, हे संशोधकाचे कर्तव्य आहे. शेतकऱ्याच्या खळ्यावर जाऊन आकडे टिपावयाचे आणि निकाल मात्र त्याला न कळणाऱ्या भाषेत लिहून फडताळात ठेवावयाचा, हे ऋण बुडवण्यासारखे होय. गोरेगावच्या विद्यार्थ्याने आपले काम स्वच्छ मराठीत लिहावे, ग्रामसभेत उभे राहून वाचून दाखवावे आणि अनुभवी माणसांनी घेतलेल्या शंका शांतपणे ऐकून घ्याव्यात. चाळीस वर्षे हळद पिकवलेल्या शेतकऱ्याची एक शंका ही परीक्षकाच्या प्रशस्तिपत्रकाहून अधिक शिकवून जाते. पुढे जगाशी बोलण्यासाठी इंग्रजी अवश्य शिकावी. परंतु विचार मातीत रुजावयाचा असेल, तर तो प्रथम मातृभाषेत उमटला पाहिजे.

औंढ्याजवळची वेधशाळा उभी राहील, तेव्हा देशोदेशींचे शास्त्रज्ञ तेथे येतील. त्या वेळी भोवतालच्या गावांनी जमीन द्यावी, मजूर द्यावेत आणि दुरून कुतूहलाने पाहत राहावे, एवढाच त्यांचा वाटा असावा काय? की त्या यंत्रापुढे बसणाऱ्यांत एखादी मुलगी सेनगाव तालुक्यातली असावी? याचे उत्तर दिल्लीच्या मंजुरीत नाही. आज शाळेच्या बाकावर बसलेल्या मुलांच्या वहीत ते आहे. हळदीचे वजन ज्याने रोज खरे लिहिले, आकडा मनासारखा आला नाही म्हणून खोडला नाही, आणि आपले चुकले असेल का असे स्वतःला विचारले, त्याच्या हाती उद्या प्रोटॉनहून सूक्ष्म असे मापही निर्धास्तपणे देता येईल.